ओल्या लाकडात खिळा

बिराजदार डॉक्टर, तुमचा निरोप पोचला.
जुलेखाने फोनवर सांगितलं तेवढंच खरं धरू नका,
ती म्हणणार, बरा आहे, फक्त ऐकत नाही.
ऐकतो मी. ऐकण्याचाच धंदा माझा.
जैतापूरच्या खाडीवर बेचाळीस वर्षं कालापाती,
लाकडी हातोडीने होड्यांचे तळ ठोकत आलो.
सुका साग ताशासारखा बोलतो.
कुजलेली फळी हूं की चूं करत नाही,
आवाज नुसता गिळते.

तुमच्या त्या थंडगार जेलीच्या यंत्रात
माझी डावी बाजू तशीच गिळत होती.
पडद्यावर सगळं आवळायचं,
आणि टोकाजवळचा एक तुकडा
उलटा बाहेर फुगायचा,
सगळे रस्सी ओढत असताना
एकट्यानेच ढील देणाऱ्या खलाशासारखा.

माघात दुखलं. छातीत नाही, जबड्यात.
दाढ समजून मी लवंग चावत बसलो, दोन तास.
त्या दोन तासांत किती गेलं
ते तुम्ही स्वतःचा तळहात उघडून दाखवलंत.

अणुस्कुऱ्याचा घाट चढून कोल्हापुरात आलो
तेव्हा मुश्ताक तुमच्यावर ओरडला होता,
कापा की आत्ताच, वाट कसली बघता?
तुम्ही म्हणालात, आत्ता ते लोण्यासारखं आहे,
टाका घातला तर दोराच त्याला कापत जाईल.
वण घट्ट होऊ दे.
पोरगा बँकेत आहे, त्याला कुठून कळणार.
मी मात्र मान हलवली.
ओल्या लाकडात खिळा मारणारा
पुढच्या हंगामात गिऱ्हाइकाला तोंड दाखवत नाही.

थांबलो. उशा वाढत गेल्या,
दोन, तीन, मग भिंतीला टेकून बसूनच झोप.
पायांवर बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा,
ओहोटीच्या चिखलात राहतो तसा.

बिलाच्या मागच्या बाजूला तुम्ही चित्र काढलंत.
मेलेलं उघडायचं, जिवंत जिथे सुरू होतं
त्या कडेने दोरा फिरवून
बटव्याच्या तोंडासारखा आवळायचा,
उरलेल्या भोकावर कापड.
आणि आत मापाला एक फुगा.
मी विचारलं, फुगा कशाला, आवळा की हवं तेवढं?
म्हणालात, फार आवळलं तर रक्ताला शिरायला जागाच उरणार नाही.
तिथे मी ओळखलं, हा माणूस होडी बांधू शकेल.

कापड कसलं, तेही विचारलं. डेक्रॉन.
म्हणजे टेरिलीनच्याच गोतातलं!
निकाहाला माझा शर्ट टेरिलीनचा होता,
घाम टिपायचा नाही अजिबात,
फोटोत मी आजही ओला दिसतो.
हे ठिगळ पुढे कधी धडधडेल का?
नाही, म्हणालात. ते फक्त जागा धरून बसेल,
काम बाकीच्यांनी करायचं.
खोटं बोलला नाहीत, म्हणून सही केली.

तास-सव्वा तास काळीज थांबवलं होतंत म्हणे.
लोक विचारतात, तेव्हा काय दिसलं?
काय दिसणार. ओढून वर घेतल्याशिवाय
कुठल्या होडीचा तळ दुरुस्त होतो?

आता भादव्यात धक्क्यावर जाऊन बसतो.
कापूस, राळ, उंडीचं तेल, सगळं पोरं करतात,
मला हातोडीसुद्धा उचलू देत नाहीत.
तशी कामंही दोनच, बाकी सगळं फायबर.
फायबर ठोकलं तर काहीच सांगत नाही,
बरं असो की वाईट, एकच आवाज.

रात्री जुलेखा टाक्यांच्या रेघेवर कान ठेवते.
काय ऐकू येतं, म्हटलं.
म्हणाली, चालू आहे. मधे एका जागी गप्प आहे.
मी म्हटलं, ती जागा शर्टाची.

एक विचारायचं राहिलं.
ती पाण्याची गोळी शुक्रवारी दुपारनंतर घेतली तर चालेल का?
खुत्बा लांबतो हल्ली,
आणि मला मधूनच उठावं लागतं,
सगळ्यांच्या चपला ओलांडत.